पेन्सिलीचा प्रश्न

"छान आहे," पिंकी म्हणाली आणि वही मिटून तिनं ती शेजारच्या बाकावर सरकवली.

बस, एवढंच. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, यात काय मोठं झालं? एका पोरीनं वर्गातल्या पोराची गोष्ट वाचली, छान आहे म्हणाली, विषय संपला. पण रंजीता मॅडमच्या हातातला खडू हातातच राहिला. चंद्रपूरच्या त्या कॉलेजात, वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत, गेली दोन वर्षं दर शनिवारी साडेअकराला लेखनाचा हा वर्ग भरत होता, आणि या दोन वर्षांत 'छान' हा शब्द इथं कोणी उच्चारलेला नव्हता. उच्चारायचा नाही असा नियमच होता. पहिल्याच शनिवारी मॅडमनं तो शब्द फळ्यावर हा एवढा मोठा लिहिला होता आणि त्याच्यावर आडवी काट मारली होती. छान म्हणजे वाचलं नाही, असं मी समजेन, असं वर बजावलंही होतं. पोरं हसली होती. आणि आज पिंकी, जिच्या प्रश्नांना सगळा वर्ग टरकून असायचा ती पिंकी, खाली मान घालून तोच शब्द बोलून मोकळी झाली. मॅडमनं ललिताकडं पाहिलं. ललितानं वही उघडली, दोन पानं उलटली, जरा वेळ वाचल्यासारखं केलं. "हाव मॅडम, छान आहे," ती म्हणाली. मग वही आयुषकडं गेली. आयुष शेवटच्या बाकावर खिडकीशी बसला होता. त्यानं वही उघडलीसुद्धा नाही. पुढं सरकवून दिली.

गोष्ट अजयची होती. सुट्टीत सगळं घर जंगलात वाघ बघायला जातं आणि वाघ दिसत नाही, अशी. पहिल्या पानावर जिप्सीत मागं बसलेली एक मोठी बहीण होती, केसांत अबोली माळलेली. तिसऱ्या पानापासून ती बहीण गायब. परत येताना गाडीत माणसं मोजली आहेत, त्यातही ती नाही. आता बोला! महिन्यापूर्वी या पोरांनी अजयला सोडलं असतं का? समासात पेन्सिलीच्या खुणांची रांग लागली असती. 'ताई कुठी उतरली?' 'ताईचं नाव काऊन नाई लिहिलं?' आणि अजयनं पुढच्या शनिवारी ताई कुठं उतरली ते लिहून आणलं असतं, कदाचित रडत रडत, पण आणलं असतं. आता ती बहीण तशीच जंगलात राहणार होती, आणि खोलीतल्या अकरा जणांना ती दिसली होती हे मॅडमला त्यांच्या खाली घातलेल्या मानांवरूनच कळत होतं. रागवावं असं तिच्या तोंडापर्यंत आलं. पण कोणत्या तोंडानं?

खोलीत बारा बाक होते आणि तिसऱ्या ओळीतला एक रिकामा होता. चार शनिवार तो रिकामा होता. त्यावर कोणी बसत नव्हतं, त्यावर कोणी दप्तरही ठेवत नव्हतं.

नियम तसे दोनच होते. छान म्हणायचं नाही, हा पहिला. दुसरा असा की, दुसऱ्याच्या वहीत लिहायचं ते पेन्सिलीनं, आणि तिथं फक्त प्रश्न लिहायचा. शेरा नको, सल्ला तर नकोच नको. वाचताना जिथं पाय अडखळला तिथं समासात प्रश्न टाकायचा आणि वही परत करायची. मग ज्याची वही त्यानं ठरवायचं, उत्तर लिहायचं की खोडरबर घ्यायचं. मॅडमनं स्वतः पेन्सिलींचे डबे आणून वाटले होते. सुरुवातीचे महिने नुसती गंमत होती. 'तुझं अक्षर एवढं सुंदर कसं?' हाही एकानं प्रश्न म्हणून लिहिला होता. ही पोरं खेड्यापाड्यांतून येणारी, कोणी मूलचं, कोणी गडचांदूरचं, कोणी पार सिरोंच्याकडचं, एकमेकांना दुखवायचं नाही हे घरून शिकून आलेली. दुसऱ्याच्या लिहिण्यात बोट घालायचं म्हणजे त्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं त्यांना वाटायचं. तेव्हा मॅडमनं त्यांना आपल्या आईची, वच्छलाबाईची गोष्ट सांगितली होती. नागभीडला धानाच्या बांधीत रोवणी चाललेली, चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतलेल्या बाया ओळीनं मागं मागं सरकत धान लावताहेत, आणि वच्छलाबाई मान वर न करता शेजारणीला सांगते, "वाकडं जाऊन राह्यलं बाई तुवं, मागं पाय." कोणाला राग येत नसे. शेजारीण पाय मागं घेई, रोप उपटून परत लावी. दिवसभर एकमेकींच्या ओळी बघत सगळ्या बाया गात गात बांधी पुरी करत, आणि छान लावलं बाई असं एकीनंही कधी म्हटल्याचं रंजीताला आठवत नव्हतं. पोरांना हे एकदम पटलं. रोवणी त्यांच्यातल्या निम्म्यांनी केलेली होती. त्या शनिवारपासून वह्यांत खरे प्रश्न पडू लागले.

मात्र त्या गोष्टीच्या मागं एक दुसरी गोष्ट होती आणि ती मॅडमनं पोरांना सांगितली नव्हती. नागपूरला एम.ए. करताना तिनं आपल्या बाबांवर वीस पानं लिहिली होती. बाबा रेल्वेच्या फाटकावर होते. घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि मान ताठ ठेवून जगायचं ही बाबांची एकच शिकवण. ती नववीत असताना बाबा तिला घेऊन एका लग्नाला गेले होते. पंगतीत बसल्यावर कोणीतरी येऊन त्यांच्या कानाशी काही बोललं. बाबा उठले, आणि उठता उठता त्यांनी त्या माणसापुढं हात जोडले, चुकलं म्हणाले. काय चुकलं होतं? काही नाही. दोघं बापलेक उपाशी घरी आली आणि आईला जेवून आलो म्हणून सांगितलं. वीस पानांत लग्न होतं, मांडव होता, सनई होती, हात जोडणं नव्हतं. ती पानं तिनं प्राध्यापकांना दिली तेव्हा वाटत होतं, ते विचारतील. विचारतील की हे लग्नाला गेले ते जेवले काय, ते का नाही लिहिलं? महिन्यानं कागद परत आले. शेवटच्या पानावर लाल शाईत एक शब्द आणि त्याच्यापुढं उद्गारचिन्ह. छान! तिनं ती पानं ट्रंकेत टाकली ती टाकलीच. कोणी विचारलं असतं तर मी लिहिलं असतं, असं तिला वीस वर्षांनंतरही वाटत होतं. मागं एकदा पोरांनीच विचारलं होतं, मॅडम, तुमचं काही वाचा ना. पुढच्या शनिवारी वाचते, ती म्हणाली होती. तो शनिवार काही आला नाही.

तो रिकामा बाक दिव्यानीचा. दिव्यानी घुग्घुसची. बाप खाणीत, घर खाणीच्या कॉलनीत. रोज पहाटेच्या बसनं यायची, ओढणीवर काळी धूळ घेऊन, आणि बाकावर बसण्याआधी ओढणी खिडकीबाहेर झटकायची. बोलायची कमी. लिहायची मात्र अशी की वाचणाऱ्याला तिच्या अंगणात उभं केल्यासारखं वाटावं. जानेवारीत तिनं आजीवर लिहिलं. ठमाबाई, वय झालेली, एका पायानं लंगडी, अंगणातल्या पेरूखाली बसून लेकाला हाक मारते, नथ्थूऽ, चहा थंड होऊन राह्यला. वही फिरत फिरत आयुषकडं गेली. आयुष म्हणजे शांत पोरगा, वाचताना ओठ हलवणारा, शब्दन् शब्द चावून खाणारा. त्यानं बराच वेळ घेतला. मग समासात बारीक अक्षरांत लिहिलं, 'हजेरीत तुझ्या बाबाचं नाव चैतू आहे. मग आजी नथ्थू कोणाले म्हणते?'

मॅडमला तो प्रश्न वाचून जो आनंद झाला होता तो आता आठवला की अंगावर काटा येतो. काय हे वाचन, काय ही नजर! दोन वर्षांची मेहनत त्या एका ओळीत फळाला आली असं तिला झालं होतं. दिव्यानी मात्र वही हातात घेऊन नुसती बसून राहिली. चेहरा उतरलेला. वर्ग सुटल्यावर ती मागं थांबली.

"मॅडम, हे खोडून टाकू का?"

"का खोडतेस? अगं, तुझी गोष्ट तिथंच आहे."

"लय घरातलं आहे जी, मॅडम."

"घरातलंच लिहायचं असतं. भिऊ नकोस."

"लिहू का मग?" दिव्यानीनं विचारलं होतं. सरळ तिच्या डोळ्यांत बघून विचारलं होतं. आणि रंजीता मॅडम म्हणाली होती, लिही. काय लिहिणार आहेस, एवढं तरी विचारायचं होतं! प्रश्न विचारा, प्रश्न विचारा म्हणून पोरांच्या मागं लागणाऱ्या बाईनं तो एक प्रश्न विचारला नाही. तिला घाई झाली होती. तिला ती गोष्ट वाचायची होती.

आणि गोष्ट आली. आठ पानं. 'मधलं नाव.' चोवीस वर्षांपूर्वी खाणीसाठी शेत गेलं, त्याच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी. थोरला चैतू, बावीस वर्षांचा, त्याच्या नावाचं पत्र आलं. पत्र आलं आणि आठव्या दिवशी चैतू तापानं गेला. धाकटा नथ्थू सतराचा, वय कमी म्हणून त्याला नोकरी मिळण्याजोगी नव्हती. शेत गेलेलं, पोरगा गेलेला, आता हे पत्रही जाणार. भावाभावांचे चेहरे सारखे. आजोबांनी नथ्थूला चैतूचा सदरा घातला, चैतूचे कागद हातात दिले आणि पाठवला. तेव्हापासून बाप घरात नथ्थू आणि खाणीच्या फाटकापलीकडं चैतू. हे एवढं कोणीही लिहिलं असतं. पण पोरीनं पुढं लिहिलं होतं की आजीला आपला मेलेला लेक रडता आला नाही, कारण तो रोज डबा घेऊन कामावर जात होता. त्याच्या फोटोला हार घालता आला नाही. नोकरीच्या अर्जासाठी काढलेल्या फोटोंतला एक आजीनं तांदळाच्या डब्यात तांदळाखाली ठेवला आहे. पितरांच्या दिवशी आजी ताट वाढते, कावळ्याला हाक मारते, आणि नाव घ्यायची वेळ आली की गप्प होते. आणि शेवटी, 'माझ्या नावाच्या मधोमध माझा मेलेला काका बसला आहे. मी सही करते तेव्हा त्याला ओलांडून पुढे जाते.' दिव्यानीनं हे सगळं एका दमात वाचलं. वाचून झाल्यावर छान कोणीही म्हटलं नाही. आयुषनं हातातली पेन्सिल खाली ठेवली होती. पिंकी रडत होती. तो शनिवार आपल्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस असं रंजीतानं त्या रात्री नवऱ्याला सांगितलं होतं.

तिथं थांबली असती तरी निभावलं असतं. पण फेब्रुवारीच्या सत्तावीसला मराठी दिनाचं भित्तिपत्रक लागायचं होतं. दिव्यानी म्हणाली, नावं बदलून लावा, मॅडम. मॅडमनं बदलली. नथ्थूचा सोमा केला, चैतूचा डोमा. लेखिकेचं नाव दिलं नाही. आजीचा लंगडा पाय राहिला, पेरू राहिला, गेलेलं शेत राहिलं, कारण ते काढलं तर गोष्टीत उरतं काय? आणि नावं बदलली की माणसं बदलतात असं पुस्तकं वाचणाऱ्यालाच वाटू शकतं. कॉलनीतल्या माणसाला पेरू पुरतो.

इथवरचं सगळं पोरांना माहीत होतं. पुढचं एकट्या रंजीताला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती तास संपवून येत होती तेव्हा भित्तिपत्रकापुढं एक माणूस उभा होता. पायांत खाणीतले जाड बूट, पापण्यांच्या कडांना काळं. पोरीच्या स्कॉलरशिपच्या कागदासाठी आला असावा. तो मन लावून वाचत होता, बोट ओळीखालून सरकवत. त्याला पाहून तिचा ऊर नुसता भरून आला. प्राचार्य त्या भिंतीपुढं उभे राहिले नव्हते, स्टाफरूममधलं कोणी फिरकलं नव्हतं, आणि हा कामावरून आलेला माणूस उभ्यानं आठ पानं वाचत होता. ती थांबली. "आमच्याच विद्यार्थिनीनं लिहिलंय," तिनं सांगितलं. न विचारता सांगितलं. "कुठची जी पोरगी?" त्यानं विचारलं. "घुग्घुसची," ती म्हणाली. त्यानं मान हलवली. "बरोब्बर लिहिलं पोट्टीनं," तो म्हणाला आणि खिशातून फोन काढून त्यानं एकेका पानाचा फोटो घेतला. ती हसत हसत पायऱ्या उतरली होती. उतरताना वाटलं होतं, वाचक असा असतो.

आठवड्यात खाणीच्या ऑफिसात कोणीतरी अर्ज टाकला. कागदपत्रांची तपासणी होईपर्यंत कामावर यायचं नाही, असं दिव्यानीच्या बापाला सांगितलं गेलं. दिव्यानीचा बाक रिकामा पडला. फोन लागेना. वर्गात बातमी ललितानं आणली, कारण तिची मावशी त्याच कॉलनीत.

"मॅडम, रागावू नका," पिंकी आता म्हणत होती. वर्ग संपला होता आणि कोणीच उठलं नव्हतं. "आमाले प्रश्न लिवाचं भेव लागून राह्यलं. काय निघन तं काय मालूम, बाप्पा."

"अजयच्या बहिणीचं दिसलं तुम्हाला?"

अजयनं वही दप्तरात टाकली, चेन लावली.

"माह्याच प्रश्नानं झालं सारं," आयुष खिडकीकडं बघत म्हणाला. "मी हजेरी पाहाले नव्हती पाह्यजे."

"तुझी काही चूक नाही, आयुष."

"मंग कोणाची आहे?"

हा खरा प्रश्न होता. तिनंच शिकवलेला, जिथं अडखळलं तिथंच टाकलेला. अकरा पोरं तिच्याकडं बघत होती. सांगावं, आत्ता, इथं, त्या माणसाला मी सांगितलं म्हणून. "कोणाचीच नाही," ती म्हणाली, आणि फळा पुसायला वळली. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती घुग्घुसला गेली. बसमध्ये शेजारची बाई मोहाची फुलं घेऊन बसली होती, त्या गोड वासानं आणि खिडकीतून येणाऱ्या धुळीनं डोकं जड झालं. काय म्हणायचं ते तिनं वाटेत दहादा ठरवलं. गेल्या गेल्या सांगायचं. बसायच्या आधी. नाहीतर मग होणार नाही. कोळशाचे ट्रक एकामागं एक चालले होते, त्यांच्यामागं मोटारसायकलींवर शिफ्ट सुटलेली माणसं, तोंडाला फडकी बांधलेली, आणि प्रत्येक फडक्याआड तिला तो भित्तिपत्रक वाचणारा माणूस दिसत होता. कॉलनीत घर विचारावं लागलं नाही. पेरू दिसला. आठ पानांत जसा होता तसाच, एक फांदी छपरावर टेकलेली. त्याच्याखाली लंगडा पाय लांब करून म्हातारी बसली होती.

"या जी मॅडम," आतून बापाचा आवाज आला. त्यानं लगबगीनं खुर्ची पुढं केली, स्वतः उंबऱ्यावर बसला. चाळिशीचा माणूस, अंगात धुतलेला पांढरा सदरा, दुपारच्या वेळी घरी असण्याची सवय नसलेला. काय करावं हातांचं हे त्याला कळत नव्हतं. दिव्यानीनं पाणी आणून दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ओढणी स्वच्छ होती. चार आठवडे ती धुळीतून गेलीच नव्हती.

"मी..." मॅडमनं सुरुवात केली.

"पोट्टीनं खोटं नाई लिवलं जी," बाप म्हणाला. "मी फोनवर वाचलं. चार डाव वाचलं. मले मालूमच नव्हतं का तिले एवढं मालूम आहे. डबा, कावळा, सारं. आमी तं समजत होतो, लेकरू आहे, खेळून राह्यलं." तो हसला, कसंनुसं. "एवढ्या वर्षांत आमच्या घरात कोणी त्याचं नाव नाई काढलं, मॅडम. हिनं काढलं."

तो शिव्या देईल, दार लावून घेईल, याची तयारी तिनं केली होती. ह्याची केली नव्हती. मान वळवली तर समोरच्या भिंतीवर फोटो दिसला. नव्या चौकटीत जुना, पिवळा पडलेला पोरगा, केसांचा भांग पाडलेला, कॅमेऱ्याकडं भ्याल्यासारखा बघणारा. त्याला झेंडूचा ताजा हार.

"तो काढ म्हणून सांगून राह्यलो आईले," बाप हलक्या आवाजात म्हणाला. "चौकशीवाले कधीबी येतीन. पण आयकत नाई."

"नाई काढत," म्हातारी बाहेरूनच म्हणाली. कान तिखट होते. "तुमी काय कराचं ते करा. चोवीस वर्स तांदळात ठेवला मी त्याले. आता नाई."

"आई, नोकरी जाईन ना वं."

"जाऊ दे. त्याचीच होती."

बापानं गुडघ्यांवरून हात फिरवले. मग तो मॅडमकडं वळला आणि त्यानं हात जोडले. जोडू नका हो, असं ती म्हणेपर्यंत जोडलेही. तिला बाबांनी हात जोडले तो मांडव आठवला आणि खुर्चीवरून उठावंसं वाटलं, पण उठून जाणार कुठं?

"एक काम करा जी. तुमी शिकलेल्या. कॉलेजच्या कागदावर लिवून द्या का हे सारं खोटं आहे. पोट्टीनं मनानं रचलं. असं झालंच नाई. होईन ना उपयोग?"

"होईल का, ते मला..."

"नाई झाला तं नाई. पण लिवून तं द्या."

खरं लिहा म्हणून दोन वर्षं पोरांच्या मागं लागलेली बाई खुर्चीवर बसून मांडीवर पर्स घेऊन, पर्सवर कॉलेजच्या नावाचा कागद घेऊन लिहायला लागली. तो कागद तिनं सोबत आणलाच होता. कशाला आणला होता? माफी लिहून द्यायला, असं तिनं निघताना स्वतःला सांगितलं होतं. 'सदर लेखन विद्यार्थिनीने पूर्णतः कल्पनेने रचलेले असून त्यातील व्यक्ती व प्रसंग यांचा वास्तवाशी काहीही संबंध नाही.' वर भिंतीवरून चैतू बघत होता. हात चालत होता, भाषा आपोआप येत होती, कुठं अडखळायला होत नव्हतं. 'वर्गात विद्यार्थ्यांना असे काल्पनिक लेखन करण्यास सांगितले जाते.' आणि मग शेवटी, न ठरवता, 'हे लेखन महाविद्यालयाबाहेर कसे गेले व लेखिकेचे गाव बाहेरच्यांस कसे कळले, याची आम्हांस कल्पना नाही.' लिहून झाल्यावर तिनं ते वाक्य बघितलं. खोडायला हवं होतं. पेननं लिहिलं होतं.

"तो पत्रू येऊन गेला काल," बाप म्हणाला, सहज, पेन थांबलेलं बघून. "ज्यानं फोटो काढला तो. माह्याच शिफ्टचा. ढसाढसा रडला जी. म्हणे मी तं दोस्ताले दाखवला, चांगलं लिवलं म्हणून. पुढं कोणं टाकला, मले मालूम नाई. दिव्यानीशी बोलत होता बराच वेळ, तिथी पेरूखाली."

मॅडमनं दिव्यानीकडं पाहिलं. दिव्यानी तिच्याकडंच बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आयुष येते का वर्गात?" दिव्यानीनं विचारलं. आल्यापासूनचं तिचं हे पहिलंच बोलणं.

"येतो. लिहीत नाही पण."

"त्याले सांगा, मॅडम, का त्याचा प्रश्न बरोबर होता."

"सांगते. आणि तू? तू लिहितेस का काही?"

दिव्यानीनं पाण्याचा रिकामा पेला उचलला. बाप म्हणाला, वाच बाई तू एकडाव, मॅडमचं लिवणं, काई राह्यलं असंन तं सांग. आणि त्यानं कागद तिच्या हातात दिला. ती जमिनीवर बसली. कोनाड्यातून तिनं पेन्सिल काढली, वर्गात वाटलेल्यांतलीच, दातांनी चावलेली, आणि वाचायला लागली. तशीच, जशी शनिवारी वाचायची, ओळीखालून पेन्सिलीचं टोक सरकवत, न लिहिता. वीस वर्षांनी तिचं लिहिलेलं कोणीतरी असं वाचत होतं. पेन्सिल पहिल्या वाक्याखालून गेली. दुसऱ्या. म्हातारी बाहेर कोणाशी तरी पुटपुटत होती, बहुतेक त्या फोटोतल्याशीच. पेन्सिल शेवटच्या वाक्यापाशी आली आणि थांबली. समासाकडं वळली. टोक कागदाला टेकलं, बारीकसा एक ठिपका उमटला. विचार, रंजीता मनात म्हणाली, विचार गं पोरी, लिही तिथं, मी सांगते, या दोघांसमोर सांगते, तू फक्त विचार. तिचे ओठ हललेसुद्धा असतील. दिव्यानीनं मान वर केली आणि बराच वेळ तिच्याकडं पाहिलं. मग फोटोकडं पाहिलं, मग उंबऱ्यावर हात गुडघ्यांत घालून बसलेल्या बापाकडं.

तिनं खोडरबर घेऊन तो ठिपका पुसला, वर फुंकर मारली, आणि कागद परत दिला.

"छान आहे, मॅडम," ती म्हणाली.